घरामागच्या अंगणात टर्फचं कोर्ट: खोदाईपासून वाळूपर्यंत

कोर्ट करायचं ठरलं की घरात पहिल्यांदा येतात ते टर्फचे, म्हणजे कृत्रिम गवताचे, नमुने. हिरव्याच्या चार छटा, एक मऊ, एक खरखरीत, आणि सगळी चर्चा तिथेच अडकते. खरं तर टर्फ अंथरणं हा शेवटचा आणि त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. कोर्ट टिकणार की दोन पावसाळ्यांत खड्डे पडणार हे ठरतं टर्फच्या खालच्या वीतभर थरात. वर हिरवं पसरलं की तो थर कुणाच्याच नजरेला पडत नाही, त्यामुळे काटछाटही नेमकी तिथेच होते. आमच्या घरामागचं कोर्ट मी रोज जवळ उभं राहून करून घेतलं, काही कामं स्वतःच्या हाताने केली. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिलं आहे. रंग तुमचा तुम्ही निवडा.

१. आधी खेळ ठरवा, मग फूटपट्टी काढा

"सगळे खेळ खेळता येतील असं कोर्ट" हे ऐकायला छान वाटतं, पण टर्फवर ते जमत नाही. टर्फवर चेंडूचा टप्पा कठीण पृष्ठभागापेक्षा कमी येतो. बास्केटबॉलचं ड्रिबलिंग त्यावर नीट होत नाही. पिकलबॉलचा हलका प्लास्टिकचा चेंडूही मरतो. हे दोन खेळ मुख्य असतील तर टर्फचा नाद सोडा आणि काँक्रीटवर ॲक्रिलिकचा थर द्या. टेनिससारखा खेळ, बॅडमिंटन, मुलांचा फुटबॉल, क्रिकेटची नेट यांना मात्र टर्फ चांगलं मानवतं. उघड्यावरच्या बॅडमिंटनमध्ये वारा शटल पळवणारच, तो त्रास टर्फ कमी करणार नाही.

मापं अशी:

- बॅडमिंटन (डबल्स): १३.४० × ६.१० मीटर
- टेनिस (डबल्स): २३.७७ × १०.९७ मीटर. कडेची मोकळी जागा धरली की हे ३६.५७ × १८.२९ पर्यंत जातं. बहुतेक अंगणांचा विचार इथेच संपतो.
- पॅडल (भिंतींच्या आत खेळायचा टेनिससारखा खेळ): २० × १० मीटर, शिवाय भोवती काचेच्या आणि जाळीच्या भिंती
- क्रिकेटची खेळपट्टी: २०.१२ मीटर लांब, ३.०५ मीटर रुंद. गोलंदाजाच्या धावेची जागा वेगळी.

रेषांची मापं म्हणजे कोर्ट नव्हे. रेषेबाहेर पाय टाकायला, धावत येऊन थांबायला जागा लागते. बॅडमिंटनला मागे निदान दीड मीटर आणि बाजूंना जवळपास एक मीटर ठेवा. कोर्टाची लांबी शक्यतो उत्तर-दक्षिण असावी. पूर्व-पश्चिम ठेवलंत तर सकाळ-संध्याकाळ एका खेळाडूच्या डोळ्यांत सूर्य येतो, आणि घरचे लोक खेळतात ते नेमके त्याच वेळेला.

आता एक गोष्ट जी मला कुणी आधी सांगितली नाही. टर्फच्या रोलची रुंदी साधारण चार मीटर असते. तुमच्या कोर्टाची रुंदी या आकड्याशी जुळवून घेता आली तर सांधे कमी होतात आणि माल वाया जात नाही. बॅडमिंटनचं उदाहरण घ्या. कोर्टाची एकूण रुंदी ७.९ मीटर धरली तर दोन रोल शेजारी-शेजारी बसतात आणि एकच सांधा येतो, तोही बरोबर मधोमध, म्हणजे दोन्ही सर्व्हिस कोर्टांमधल्या मधल्या रेषेवर. सांधा रेषेखाली लपून जातो. हीच रुंदी नऊ मीटर केलीत तर तिसरा रोल घ्यावा लागतो आणि त्याचा तीन चतुर्थांश भाग कापून फेकावा लागतो. पुढचे हिशेब मी १६.४ × ७.९ मीटर, म्हणजे साधारण १३० चौरस मीटर धरून केले आहेत.

जागा पक्की करण्याआधी फक्कीने आखणी करा आणि चार संध्याकाळी नुसत्या मातीवर खेळून पाहा. झाडाची फांदी, कपड्यांची दोरी, खिडकीची काच, सगळ्या अडचणी आपोआप पुढे येतात.

२. कागद आणि जमिनीखालचं जग

खोदाईचं यंत्र दारात येण्याआधी हे हाताशी हवं:

- जागेचा नकाशा, हद्दीच्या मापांसह
- पाणी, सांडपाणी, वीज, गॅस यांच्या लाइन कुठून जातात त्याचा आराखडा
- स्थानिक प्रशासनाची किंवा सोसायटीची परवानगी, लागत असेल तर
- ठेकेदाराचं लेखी कोटेशन, ज्यात प्रत्येक थराची जाडी दाबल्यानंतरची म्हणून लिहिली आहे
- टर्फचं तांत्रिक माहितीपत्रक आणि वॉरंटीचा कागद

परवानगी नुसत्या टर्फसाठी क्वचितच लागते. ती लागते उंच जाळीला, दिव्यांच्या खांबांना आणि पाणी न मुरणाऱ्या पक्क्या पृष्ठभागाला. प्रत्येक ठिकाणचे नियम वेगळे, तेव्हा विचारून घ्या आणि उत्तर लेखी मागा. दिवे लावणार असाल तर शेजाऱ्यांशी आधीच बोला. झोत त्यांच्या खोलीत गेला तर पुढे कोर्टापेक्षा भांडणच जास्त रंगेल.

सेप्टिक टँक कुठे आहे ते नक्की माहीत करून घ्या. त्याच्या झाकणावरून रोलर नेऊ देऊ नका आणि झाकण कोर्टाखाली गाडू नका, कारण ते कधी ना कधी उघडावं लागतंच. मोठं झाड कोर्टाच्या अगदी कडेला असेल तर मुळं वर्षागणिक पाया उचलत राहतात. अशा वेळी कोर्ट सरकवता येतं का बघा.

३. टर्फचा नमुना वाचायला शिका

दुकानात सगळ्यात देखणं दिसतं ते बागेचं टर्फ, ३५-४० मिलिमीटर उंच, मऊ, दाट. खेळायला ते निरुपयोगी. त्यावर चेंडू अडकतो, पाय वळताना बूट धरून ठेवलं जातं आणि घोट्यावर ताण येतो. टेनिस किंवा बहुउद्देशीय कोर्टाला १० ते २० मिलिमीटरचं, पात्यांच्या मधे वाळू भरायचं आखूड टर्फ लागतं. फुटबॉलच्या मोठ्या मैदानांचं टर्फ ४० ते ६० मिलिमीटरचं असतं, पण ते वेगळं प्रकरण आहे. अंगणात मुलांनी चेंडू मारण्यापुरता फुटबॉल असेल तर २० मिलिमीटरवर भागतं.

पात्याचा धागा पॉलिप्रॉपिलीनचा असेल तर ताठ आणि स्वस्त. पॉलिइथिलीनचा असेल तर मऊ, पडल्यावर कातडीला कमी घासणारा. लहान मुलं असतील तर मी दुसराच घेईन. नमुना उलटा करून पाठ बघा. पाणी जायची छिद्रं आहेत का? दोन बोटांच्या चिमटीत चार पाती धरून जोरात ओढा. झुपका हातात आला तर तो माल परत करा.

आणखी दोन बारीक गोष्टी. सगळे रोल एकाच बॅचचे मागा. वेगळ्या बॅचची हिरवी छटा दुकानात सारखी वाटते आणि अंगणात, तिरप्या उन्हात, पट्टा स्पष्ट वेगळा दिसतो. दुसरं म्हणजे घराच्या खिडक्या बघा. उष्णता परतवणाऱ्या दुहेरी काचांवरून परावर्तित झालेलं ऊन एका जागी एकवटलं तर टर्फची पाती अक्षरशः वितळतात. अशी खिडकी कोर्टाकडे तोंड करून असेल तर बाहेरून जाळी किंवा छज्जा हवा.

टर्फ तापतं, हेही मनाशी धरून चाला. भर उन्हात पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो आणि पाणी मारून मिळणारा गारवा थोडाच वेळ टिकतो. दुपारी अनवाणी मुलांना त्यावर सोडायचं नाही.

टर्फमध्ये भरायला काळे रबराचे दाणे सुचवणारे भेटतील. आखूड टर्फला त्यांची गरज नसते, ते आणखी तापतात आणि बुटांतून घरभर होतात. हे दाणे मातीत-पाण्यात मिसळतात म्हणून युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून २०३१ पासून त्यांची विक्री बंद करायचं ठरवलं आहे. सरळ वाळू घ्या.

४. खोदाई

वरची काळी, सेंद्रिय माती पूर्ण काढायची. ती ठेवून वर खडी टाकली तर ती कुजते, दबते आणि कोर्ट लाटांसारखं होतं. साधारण २० सेंटीमीटर खोदलं तर आपल्या १३० चौरस मीटरातून २६ घनमीटर माती निघते, आणि खोदल्यावर ती फुगून ३२-३४ घनमीटर होते. एवढी माती कुठे जाणार हे खोदाईच्या आधी ठरवा. कोटेशनमध्ये "माती उचलून नेणे" हे शब्द आहेत का ते तपासा. ते नसले की अंगणात टेकडी उभी राहते आणि ठेकेदार म्हणतो, ते आपल्यात ठरलं नव्हतं.

जमीन फुगणारी-आटणारी चिकण असेल तर जास्त खोल जावं लागेल. अशा जमिनीत मी कुणा जाणत्याला दाखवल्याशिवाय पुढे जाणार नाही.

खोदून झाल्यावर तळ रोलरने दाबून घ्या. जिथे चाक रुततं तिथली मऊ माती काढून मुरूम किंवा खडी भरा.

५. पाण्याची वाट, खांब आणि कडा

टर्फला छिद्रं आहेत म्हणजे पाण्याचा प्रश्न सुटला असं नाही. छिद्रांतून खाली गेलेलं पाणी पुढे कुठे जाणार? तळालाच उतार द्यायचा, दर मीटरला एक सेंटीमीटर. आपल्या रुंदीला तो सगळा मिळून आठ सेंटीमीटर होतो. डोळ्याला दिसत नाही, खेळताना जाणवत नाही, पाण्याला मात्र पुरतो. उतार एकाच दिशेला, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला द्या. नेटच्या अलीकडून पलीकडे दिलात तर एक खेळाडू कायम चढावर राहतो. सखल बाजूला चर खणून त्यात छिद्रांचा १०० मिलिमीटरचा पाइप खडीत बसवा आणि त्याचं तोंड निचऱ्याच्या जागी न्या. ते शेजाऱ्याच्या भिंतीशी सोडायचं नाही.

याच टप्प्यावर नेटचे खांब ज्यात उभे राहतात ते लोखंडी बाही-पाइप काँक्रीटमध्ये गाडून घ्या. नेट ताणलं की खांबावर चांगलीच ओढ येते, म्हणून पाया सुमारे ४५ सेंटीमीटर चौरस आणि ६० सेंटीमीटर खोल हवा. पाइपचा तळ उघडा ठेवा, म्हणजे आत पाणी साचणार नाही. दिवे आत्ता लावायचे नसले तरी वायरीसाठी रिकामा पाइप टाकून ठेवा. त्याला फारसा खर्च नाही, नंतर कोर्ट उखडायला मात्र आहे.

चारही बाजूंनी काँक्रीटची कड बांधा. तिचा माथा पायाच्या तयार पातळीइतकाच ठेवा, म्हणजे टर्फ त्यावरून नेऊन चिकटवता येतं. कड नसेल तर खडी हळूहळू बाहेर सरकते आणि बाजू खचतात.

६. पाया, म्हणजे खरं कोर्ट

दोन रस्ते आहेत: दाबलेली खडी किंवा काँक्रीट. खडीतून पाणी खाली मुरतं, जरा लवचीकपणा राहतो, पुढे बदल करणं सोपं जातं. काँक्रीट सपाट आणि टिकाऊ, पण पाणी फक्त उतारावरूनच वाहणार. दर तीन-चार मीटरवर खाचेचे सांधे घ्यावे लागतात, भरपूर पाणी मारावं लागतं आणि पूर्ण ताकद यायला २८ दिवस जातात. घरच्या कोर्टाला मी खडीच निवडेन, जमीन फारच वाईट नसेल तर.

खडीच्या पायाचा क्रम असा. आधी तळावर जिओटेक्स्टाइल कापड, पट्टे एकमेकांवर ३० सेंटीमीटर चढवून. या कापडामुळे खालची माती खडीत मिसळत नाही. त्याऐवजी प्लास्टिकचा कागद टाकायला निघालेले लोक मी पाहिले आहेत. तो टाकला की पाणी अडलंच म्हणून समजा.

त्यावर २० ते ४० मिलिमीटरची, लहानमोठी मिसळलेली खडी, दाबून १२-१३ सेंटीमीटर. ती एकदम ओतायची नाही. पाच-सहा सेंटीमीटरचा थर पसरा, हलकं पाणी शिंपडा, प्लेट कॉम्पॅक्टर (खडी दाबायचं थरथरणारं यंत्र) उभा-आडवा फिरवा, मग पुढचा थर. सगळी खडी एकदम टाकून वरून रोलर फिरवला तर वरचे चार बोटं घट्ट होतात आणि खालचं ढिलं राहतं. दिसताना दोन्ही सारखंच दिसतं. याच कारणासाठी त्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाका.

शेवटी दोन-अडीच सेंटीमीटर बारीक ग्रिट, म्हणजे दगडाची कच. यात पिठासारखी भुकटी जास्त असेल तर थर दगडासारखा बसतो खरा, पण पाणी झिरपत नाही. मूठभर ग्रिट बाटलीत पाण्यात हलवून ठेवा. गाळाचा जाड थर बसला तर तो माल घेऊ नका.

आता तपासणी. तीन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, जमिनीवर आडवी ठेवा आणि गुडघ्यावर बसून, गाल जवळजवळ जमिनीला टेकवून तिच्याखालून बघा. सकाळच्या तिरप्या उन्हात हे उत्तम जमतं. जिथे फट आहे तिथे पट्टीखाली उजेडाची बारीक फीत दिसते. पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तिथे खडूने गोल करा. उंचवटा असेल तर खरवडून, खोलगट असेल तर ग्रिट भरून पुन्हा दाबायचं. पट्टी हातभर सरकवत उभी, आडवी, तिरपी, अख्ख्या कोर्टावर फिरवा. कंटाळवाणं काम आहे. मजूर हसतील, हसू द्या. त्यानंतर पाइपने भरपूर पाणी सोडा आणि तासाभराने परत या. डबकं दिसलं तर तो खड्डा आजच भरा, कारण टर्फ खड्डा झाकत नाही, त्याचा आकार घेतं.

पायाची पातळी पटल्याशिवाय पुढचा हप्ता देऊ नका.

७. टर्फ अंथरणं आणि सांधा

हत्यारं: धारदार कटर आणि त्याची भरपूर सुटी पाती, मोजटेप, दोरी, सांध्याखाली घालायची ३० सेंटीमीटर रुंद सांधापट्टी, दोन घटकांचा पॉलियुरेथेन गोंद, दातेरी थापी, कडक झाडू, वाळूच्या पिशव्या, गुडघ्याचे पॅड. कोरडा दिवस निवडा.

रोल उलगडून काही तास तसेच पडू द्या, म्हणजे गुंडाळीच्या घड्या बसतात. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली हवीत. उलट दिशेचा पट्टा त्याच रंगाचा असूनही वेगळा दिसतो. हात फिरवून दिशा ओळखा आणि प्रत्येक रोलच्या पाठीवर खडूने बाण काढा.

कारखान्यातून आलेली कड थेट जोडायची नाही. पाती जिथे ओवलेली असतात त्या दोन-तीन शिवणी आत येऊन, पाठीकडून, दोन शिवणींच्या मधून कापा. वरून कापलंत तर पाती तुटतात आणि सांध्यावर टक्कल पडतं. कापलेल्या कडा शेजारी ठेवून बघा: मध्ये जेमतेम दोन मिलिमीटर फट हवी, म्हणजे दोन्हीकडची पाती एकमेकांत मिसळतात. फट मोठी असेल तर सांधा दरीसारखा दिसतो. कडा एकमेकांवर चढल्या तर उंचवटा येतो, आणि त्याला पाय अडतो.

मग दोन्ही कडा मागे दुमडा, मधोमध सांधापट्टी पसरा, तिच्यावर थापीने गोंद ओढा. गोंद जरा चिकट होऊ द्या. आता एक कड खाली, नंतर दुसरी, वीत-वीत पुढे सरकत. दाबताना आत अडकलेली पाती बोटाने किंवा बोथट खिळ्याने बाहेर काढत राहा. गोंदात सापडलेलं पातं नंतर निघत नाही. सांध्यावर वाळूच्या पिशव्या ठेवा आणि डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत त्यावर कुणालाही चालू देऊ नका, कुत्र्यालासुद्धा. अख्खा सांधा एका दमात करा. सकाळी गारव्यात अर्धा आणि दुपारी तापलेल्या टर्फवर अर्धा केलात तर टर्फ तापून लांबलेलं असतं आणि मध्ये सुरकुती येते.

बाहेरच्या कडा शेवटी कापून काँक्रीटच्या कडेवर चिकटवा.

८. रेषा

रंगवलेल्या रेषा झिजतात, दरवर्षी पुन्हा काढाव्या लागतात. पांढऱ्या टर्फच्या पट्ट्या कापून बसवल्या तर टर्फइतक्याच टिकतात, पण तेवढे सांधे वाढतात. बॅडमिंटनची रेषा ४ सेंटीमीटर रुंद असते. एका कोर्टावर दोनपेक्षा जास्त खेळांच्या रेषा काढू नका, खेळताना डोळे गोंधळतात.

९. वाळू

वाळू टर्फला वजन देते, पाती उभी ठेवते आणि घसरण आटोक्यात ठेवते. घ्यायची ती धुतलेली, वाळवलेली, गोल कणांची सिलिका वाळू. बांधकामाची वाळू टोकदार असते, ती पाती कापते. तिच्यातली माती छिद्रं बुजवते. किनाऱ्याची वाळू तर मीठ घेऊनच येते.

हिशेब सोपा: दहा मिलिमीटर भरायची तर १३० चौरस मीटरला १.३ घनमीटर, वजनात सुमारे दोन टन. पुरवठादाराने पाच-सहा पोती सांगितली तर तो तुम्हाला रिकामं टर्फ देतो आहे.

टर्फ आणि वाळू दोन्ही खडखडीत कोरडे हवेत. पातळ थर पसरा, पात्यांच्या झुकावाच्या उलट झाडू मारा, वाळू आत उतरली की पुढचा थर. वर दोन-तीन मिलिमीटर पाती उघडी राहायला हवीत. एकदम ओतली तर पाती वाळूखाली आडवी होतात आणि मग ती उभी करता-करता कंबर मोडते.

१०. पहिले काही आठवडे आणि नंतर

सुरुवातीला वाळू खाली बसत जाते आणि पृष्ठभाग जरा निसरडा वाटतो. थोडं जपून खेळा, दोन-चार पोती राखून ठेवा आणि जिथे पाती जास्त उघडी पडतील तिथे भर घाला.

पुढे दर आठवड्याला पालापाचोळा काढायचा, कारण तो कुजला की वाळूत माती तयार होते आणि त्यात गवत रुजतं. महिन्यातून एक-दोनदा उलट झाडू. बेसलाइन आणि नेटजवळची वाळू सगळ्यात आधी कमी होते, तिथे लक्ष ठेवा. सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरलं तर टर्फला चालणारं औषध वापरा. पेट्रोल किंवा थिनरने डाग काढू नका, पाठीचा थर सुटतो. च्युइंगम बर्फाने कडक करून उचला. जड कुंड्या, लोखंडी पायांची खुर्ची, निखारे यांना कोर्टावर जागा नाही.

उरलेल्या टर्फचा दोनेक चौरस मीटरचा तुकडा अंगणातच उन्हात ठेवा, माळ्यावर नको. पुढे कधी ठिगळ लावायची वेळ आली तर त्याचाही रंग कोर्टाइतकाच उतरलेला असेल.